भिंतबाई

बाजारात भेंडी घेताना मॅडम तिचं टोक मोडून पाहत. तसं सगळ्याच बाया पाहतात. पण मॅडम मोडलेले दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेत, मोडलेल्या जागी नखाने खरवडत आणि भाजी घ्यायची आहे हे विसरून तिथेच उभ्या राहत. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात एका भाजीवालीने एकदा त्यांच्या हातातली भेंडी काढूनच घेतली. "ओ बाई, घेऊन राह्यल्या का नुसत्या मोडून राह्यल्या?" मॅडमनी मोडलेल्या सगळ्या भेंड्या मुकाट्याने पिशवीत टाकल्या आणि बसस्टँडकडे चालता चालता मला म्हणाल्या, "भेंडी जून झाली म्हणजे काय झालं, सांग. पेशीची भिंत कडक झाली. बाकी काई नाई."

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. प्राण्यांच्या पेशीला ती नसते. हे शाळेतच शिकवलेलं असतं आणि परीक्षा झाली की आपण विसरतो. मॅडम विसरू देत नसत. लाकूड कशाने टणक, पेरू पिकला की मऊ का, फळांचा जाम घट्ट कसा होतो, सगळी उत्तरं शेवटी भिंतीपाशी येत. पोरं मागून त्यांना 'भिंतबाई' म्हणायची. एकदा कोणीतरी हे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. मॅडम आल्या, त्यांनी वाचलं, आणि न पुसता त्याच्याच खाली खडूने पेशीची आकृती काढून तास सुरू केला.

त्या दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरच्या. घरी आईशी फोनवर बोलताना "याडी, याडी" करत गोरबोली बोलायच्या, आमच्याशी वऱ्हाडी, आणि वर्गात पुस्तकी मराठी. पण ती पहिल्या दहा मिनिटांत संपायची. त्यांच्या वडलांच्या वावरात पूर्वी गावरानी कापूस असे. आखूड धाग्याचा, पण हलक्या जमिनीत, कमी पाण्यात तग धरणारा. त्याचं थोडं बी त्यांच्या भावाने राखून ठेवलं होतं. मॅडमना एकच गोष्ट करायची होती: या कापसाच्या कोवळ्या दांडीचा तुकडा घ्यायचा, बाटलीतल्या पोषक माध्यमावर ठेवायचा, आणि त्यातून अख्खं झाड उभं करायचं. कापसाच्या पेशीत एखादा नवा गुण आणायचा तर आधी पेशीतून झाड उभं करता आलं पाहिजे. केळीत हे सहज होतं. गावरानी कापसात होत नव्हतं. तुकड्यातून पेशींचा गोळा वाढायचा, ज्याला आम्ही कॅलस म्हणतो, आणि तो नुसताच वाढत राहायचा. कोंब नाही, मूळ नाही. मग तपकिरी पडून मरायचा.

मी राळेगावकडची. एम.एस्सी. करून त्यांच्याकडे संशोधनाला लागले, तेव्हा या कामात त्यांची उमेदीची बरीच वर्षं गेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही वाचायला दिलं नाही. चिमटा हातात दिला आणि वेगवेगळ्या बशांतले गोळे दाबून बघायला लावले. एक हिरवट, खड्यासारखा टणक. एक पाणचट, चिमट्याला चिकटणारा. एक पिवळसर, त्यातल्या त्यात मोकळा. "ह्याच्यातून काई आलं तर ह्या तिसऱ्यातून येईन," त्या म्हणाल्या. "भिंत नरम पायजे, पण गळून गेलेली नाई पायजे." त्यांचा अंदाज असा होता की झाड उभं राहणार की नाही, हे भिंत ठरवते. भिंतीत सेल्युलोज असतं तसं पेक्टिनही असतं, तेच ते जाम घट्ट करणारं. त्या पेक्टिनचा प्रकार आणि प्रमाण योग्य असलं तर पेशी नव्याने आकार घेते, नाहीतर नाही. यावर त्यांचा इतका विश्वास होता की माध्यमात पेक्टिन घट्ट करणाऱ्या कॅल्शियमची चिमूट कमीजास्त करणं हा त्यांचा जवळजवळ छंद झाला होता.

एका परिषदेत त्यांचं बोलणं झाल्यावर मोठ्या संस्थेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ उठले. देशी कापसात वेळ का घालवता, म्हणाले. परदेशी जातीत झाड सहज उभं राहतं, ती वापरा. सभागृहात काहीजण हसले. मॅडम म्हणाल्या, "सर, ती जात आमच्या वावरात टिकत नाही. बाटलीत आली तरी मी ती कोणाला देऊ?" त्यांनी हे शुद्ध मराठीत, हळू आवाजात म्हटलं. परत येताना एस.टी.त मात्र यवतमाळ जवळ आल्यावर म्हणाल्या, "तो माणूस खोटं नाई बोलला. पण मले नाई जमत सोडून देनं."

नंतरच्या वर्षी त्यांच्या बाटल्यांना बुरशी लागू लागली. हे काम लॅमिनारमध्ये चालतं, म्हणजे गाळलेल्या हवेच्या पेटीत, जंतुविरहित. चिमटा बाटलीच्या काठाला जरा लागला तरी चारपाच दिवसांत पांढरी बुरशी धरते. मला वाटलं, पेटीचा गाळणीपडदा खराब झाला असेल. मॅडमनी वाद घातला नाही. त्याच पेटीत, एकाच सकाळी, आधी मी काम करायचं आणि मग त्यांनी, असं काही दिवस केलं. माझ्या बाटल्या स्वच्छ राहिल्या. त्यांच्या निम्म्याहून जास्त गेल्या. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवून मला दाखवला. अंगठा आपोआप हलत होता. "पडदा ठीक आहे," त्या म्हणाल्या, "हे खराब झालं." नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुसऱ्या सोमवारी त्या नेहमीच्या वेळी आल्या, स्टूल ओढून लॅमिनारच्या शेजारी बसल्या, आणि चिमटा माझ्या हातात दिला.

तिथून पुढे काम माझ्या हातांनी झालं. गोळा कसा लागतो हे त्यांना आता माझ्याकडून ऐकावं लागे, आणि मला ते सांगता येत नसे.

"मऊ आहे, मॅडम."

"मऊ म्हणजे? लोणी मऊ असते, कापूस बी मऊ असते. काय सांगून राह्यली तू?"

"भिजवलेल्या कणकेसारखा."

"मंग फेक. पुढचा पाह्य."

मी स्वयंपाकघरातल्या वस्तू आठवू लागले. साबुदाणा, फुटाण्याचं पीठ, आंबलेलं डोशाचं पीठ. एका सकाळी एक गोळा चिमट्याने धरला आणि तो धरलाच जाईना, दाणे सुटे झाले. मी म्हटलं, "मॅडम, ओलसर रव्यासारखा. आणि रंग सायीसारखा." त्या स्टुलावरून उठल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून काचेतून वाकून पाहू लागल्या. त्यांचा हात हलत होता, त्यामुळे माझाही खांदा हलत होता. "काई करू नको," त्या म्हणाल्या. "झाकन लाव. श्वास बी दुसरीकडे घे."

त्या रव्यातून भ्रूण आले. बियांत असतात तसे, पण बियांशिवाय. त्यांतून इवली रोपं. पहिली खेप कुंडीत लावली आणि दोन दिवसांत मान टाकून मेली, कारण बाटलीतल्या दमट हवेत वाढलेली पानं यवतमाळच्या कोरड्या वाऱ्याला टिकत नाहीत. दुसऱ्या खेपेला आम्ही रोपांवर घातलेली प्लॅस्टिकची पिशवी रोज थोडी थोडी उघडत गेलो. त्यांतली काही जगली. कुंडीत पहिलं फूल आलं त्या दिवशी मॅडमनी सगळ्या विभागाला चहा पाजला आणि स्वतः अर्धाच कप घेतला, सांडू नये म्हणून.

खरी गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. शोधनिबंधासाठी मी गोळ्यांचे पातळ काप काढून पेक्टिनला लाल रंग देणाऱ्या द्रावणात बुडवले. रवाळ गोळ्याची भिंत गडद लाल दिसली, म्हणजे पेक्टिन भरपूर, मॅडम म्हणत होत्या तसंच. मग मी आम्ही सोबतच वाढवलेल्या दुसऱ्या दोन देशी जातींचे रवाळ गोळे पाहिले, ज्यांतून एकही रोप आलं नव्हतं. त्यांच्याही भिंती तितक्याच लाल. भिंत तीच आणि झाड नाही. दोन दिवस मी ते दाखवलं नाही. पुन्हा काप काढले, पुन्हा तेच. शेवटी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कापांच्या सगळ्या काचा एकेक करून पाहिल्या.

"काचांवरची नावं काढ," त्या म्हणाल्या. "शिपायाले नुसते आकडे टाकाले लाव. कोनती काच कोनाची, हे तुलेही माहीत नको अन् मलेही नको. मंग पाहू."

तसंही केलं. आम्ही दोघींनी वेगवेगळं पाहून कोणता गोळा झाड देणारा हे लिहिलं, आणि दोघींचंही चुकलं. नुसत्या भिंतीवरून ओळखताच येत नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. हात हलत असल्याने पुसायला वेळ लागला.

"हे टाकायचं का निबंधात?" मी विचारलं.

"काहून नाई टाकाचं?"

"मॅडम, तुम्ही इतकी वर्षं..."

"मी इतकी वर्षं सांगितलं म्हनून भिंत तशी होते का?" त्या जरा चिडल्याच. मग शांतपणे शेवटच्या परिच्छेदासाठी एक वाक्य सांगू लागल्या आणि मी लिहून घेतलं: भिंत नरम असणं गरजेचं आहे, पण पुरेसं नाही, उरलेलं काय, ते आम्हाला सापडलेलं नाही. निबंध छापून आला तेव्हा झाड उभं राहिल्याचं अनेकांनी कौतुक केलं. वर्गात मात्र त्या पोरांना त्याच्या शेवटच्या परिच्छेदापासून शिकवायच्या.

निवृत्त झाल्यावर त्या तांड्यावर भावाकडे राहायला गेल्या. मी अमरावतीला नोकरीला लागले. फोनवर आवाज दर महिन्याला बारीक होत गेला. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांचे भाऊ, दाजीबा, बाहेर बाजेवर बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने संकोचत विचारलं, "पोरी, आमची बाई तिथं नेमकं काय करे वं? मी कधी पुसलंच नाई."

मी सांगितलं. लहानसा तुकडा, त्यातून अख्खं झाड.

"मंग उगवलं?"

"उगवलं. पण एकाच जातीचं. बाकीच्यांचं का येत नाही ते त्यांना कळलं नाही."

"हो, हो," दाजीबा मान हलवत म्हणाले, "हे तर बाई सांगे मले. म्हने, बाकीचं माही राळेगाववाली पोरगी पाह्यते."

त्यानंतर ते चहाचं सांगायला आत गेले. मी अमरावतीला परतले आणि त्याच महिन्यात उरलेल्या दोन जातींचं बी पेरून कोवळ्या दांड्यांचे तुकडे बाटल्यांत ठेवले. अजून काही आलेलं नाही.