घरी न्यायचा प्रसाद

शैलाकाकूंबरोबर स्टेशनवर जायचं म्हणजे एक गाडी चुकलीच म्हणून समजा. वाटेत शिंतो देऊळ आलं की नमस्कार, कोपऱ्यावर लाल टोपडं घातलेला दगडी जिझो, तिथला मुलांचा राखणदार देव, दिसला की नमस्कार. एकदा तर एका दुकानाच्या दारातल्या शोभेच्या सिंहालाही त्यांनी हात जोडले. मी हसले, तर म्हणाल्या, "आधी हात जोडावेत गं, नाव मागाहून विचारता येतं." मी कंपनीच्या कामासाठी पुण्याहून टोकियोतल्या एदोगावात आले तेव्हा त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कचरा टाकायचे वार पाठ करून घेतले आणि वर थालीपीठ खाऊ घातलं. माझा जीव जडला तो तेव्हाच.

त्यांचे यजमान जपानी, योशिओ-सान. नागासाकीच्या पलीकडच्या एका बेटावर, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरात वाढलेले. पण लग्नानंतर ते कधी चर्चमध्ये गेले नाहीत. काकूंच्या गणपतीपुढे मुकाट बसायचे आणि मोदक चापायचे. मग त्यांना पक्षाघात झाला, बोलणं जवळजवळ गेलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनीही सांगितलं. अशात एके दिवशी त्यांनी बेटावरच्या चर्चचं नाव घेतलं आणि काकूंना म्हणाले, "जाऊन ये."

"जाऊन काय करू, ते सांगता येत नाहीये त्यांना," काकू मला म्हणाल्या. "नवस बोलू? माफी मागू? शेवटचं मागणं आहे गं, आणि मला काही कळत नाहीये." त्या रडायला लागल्या. मी रजा टाकली. नर्सबाईंना दोन दिवस घरी ठेवून आम्ही निघालो.

विमान, मग बोट, मग बस. चर्च लाल विटांचं, जुन्या रोमनेस्क धाटणीचं: जाड भिंती, अर्धगोल कमानी, खिडक्यांच्या रंगीत काचांत कमेलियाची फुलं. लांबलांबून आलेले यात्रेकरू दारात चपला काढत होते. "बघ, देऊळच आहे," काकू सुखावल्या. आत मात्र घंटा कुठे, प्रदक्षिणा कुठून, कधी उठायचं, कधी बसायचं, कशाचाच पत्ता लागेना. पुढच्या बाईंकडे बघून आम्ही उठत-बसत होतो आणि त्यातही चुकत होतो.

तेवढ्यात रांग लागली. फादर प्रत्येकाच्या हातावर पातळ पांढरी चकती ठेवत होते. "प्रसाद!" म्हणत काकू उठल्या. ते ख्रिस्ती लोकांनीच घ्यायचं असतं असं ऐकून होते, म्हणून मी त्यांची बाही ओढली, पण त्या गेल्याच. उजव्या हाताखाली डावा धरून त्यांनी चकती घेतली, कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली.

मिस्सा, म्हणजे ती सगळी उपासना, संपल्यावर फादर लगबगीनं आमच्यापाशी आले. वाकून म्हणाले, "माफ करा, ते इथेच खायचं असतं. बाहेर नेता येत नाही."

काकूंनी पर्स छातीशी धरली. "घरी माणूस अंथरुणावर आहे. तो इथलाच आहे. घरच्यांसाठी न्यायचा नाही, तर प्रसाद घ्यायचा कशाला?"

फादरनी सावकाश समजावलं, की आजाऱ्याला हे देतात, पण ते चर्चचंच माणूस घेऊन जातं. टोकियोतल्या फादरना ते आजच फोन करतील. काकूंनी नाइलाजानं रुमाल सोडला. फादरनी चकती जपून उचलली आणि स्वतःच खाल्ली.

"ह्यांच्या वाटचा खाल्ला की गं त्यांनी!" बोटीवर काकूंचं हेच चाललं होतं. हसावं की रडावं, मला कळेना.

टोकियोतले फादर खरंच आले. योशिओ-सानच्या उशाशी बसून त्यांनी प्रार्थना म्हटली आणि विचारलं, "हवं आहे ना?" योशिओ-सान ओठ मिटून नुसते काकूंकडे बघत राहिले. फादर चकती हातात धरून थांबले. द्यावी की परत न्यावी, त्यांनाही उमगेना. तेव्हा काकू पुढे झाल्या आणि रोज पेज भरवताना म्हणायच्या तसं मराठीतच म्हणाल्या, "आ करा."

त्यांनी तोंड उघडलं.

त्याच आठवड्यात ते गेले. सगळं उरकल्यावर मला राहवलं नाही. "काकू, त्यांना हेच हवं होतं ना?"

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी आ करा म्हटलं आणि त्यांनी केलं. देवासाठी केलं की माझ्यासाठी, ते आता कोणाला विचारू?"