वावर पाहणारे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतकी शेतं, म्हणजे आमच्याकडची वावरं, पाहिलेला माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर एक गुंठाही नाही. भाऊजी लहान विमानं उडवायला शिकवायचे. एकच इंजिन असलेलं विमान कुठेही दगा देऊ शकतं, म्हणून उतरायला जागा हेरून ठेवावी, हा त्यांचा धर्म. हा धर्म ते जमिनीवरही पाळत. नेरच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते पुटपुटत, "हे चालते. हे नाही चालत, नांगरून ठेवलं." माझ्यासाठी महागावला मुलगी पाहायला गेलो, तर मुलीकडे न बघता त्यांनी तिच्या वडिलांना विचारलं, "तुमचं वावर लांबीत किती आहे? मधातून विजेचे तार तर नाही गेले?" वडिलांना वाटलं, आम्ही हुंड्यात वावर मागतो आहोत. ती सोयरीक चहाच्या आधीच मोडली. परतताना भाऊजी म्हणाले, "वावर मात्र चांगलं होतं."

दोन वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेल्यावर, दिग्रसच्या एका मुलीला घेऊन ते सकाळी उडाले. पुढचं तिनंच मला सांगितलं. कळंबच्या बाजूला इंजिन आधी खरखरलं, मग त्याचा आवाज उतरला. ते पूर्ण बंद पडलं नव्हतं, पण विमान वर धरून ठेवण्याइतका जोर त्यात उरला नाही. "आता मी घेतो, तू हात सोड," भाऊजी म्हणाले. इंधन दुसऱ्या टाकीवर घेऊन पाहिलं, करायचं ते सगळं केलं, रेडिओवर कळवलं. जोर परत येईना.

"सर, धावपट्टीपर्यंत पोचू का आपण?"

"नाही पोचत. तो नाद सोड. ते तुरीच्या पलीकडं पाह्य, सोयाबीन काढलेलं आहे. तिथं बसू." एसटीत रिकामी जागा दिसल्यावर सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

विमान सोयाबीनच्या खुंटांवरून उड्या घेत गेलं आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पुढचं चाक मोडून थांबलं. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. शेजारी कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. त्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "काहून उतरले बाप्पा इथं?"

"इंजिनात दम नव्हता, माय. तुमचं नुकसान तर नाही झालं?"

"आमचं पीक तं घरी गेलं. तुमी पाणी प्या."

भाऊजी धुऱ्यावर बसले, पण पाण्याचा गडवा त्यांना धरता येईना, इतके हात थरथरत होते. शेवटी त्या मुलीनं तो त्यांच्या तोंडाला लावला.

त्यानंतर महिनाभर ती शिकायला आली नाही. भाऊजी दिग्रसला तिच्या घरी गेले, तिच्या वडिलांशी तासभर पावसापाण्याचं बोलले आणि निघताना तिला म्हणाले, "मी बी भेलो होतो. हात पाह्यले ना तू माहे? पण ते खाली आल्यावर. वरतं भ्याले टाइमच नसते." पुढच्या सोमवारी ती आली.

यंदा तपासणीत त्यांच्या कानात दोष निघाला आणि उडणं थांबलं. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. ताईचं मात्र मला ठाऊक आहे. लग्नानंतर कित्येक वर्षं, सकाळी विमानं गावावर घिरट्या घालू लागली की ती कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची आणि शेवटचं विमान उतरेपर्यंत खाली यायची नाही. खालून सगळी सारखीच दिसतात. त्यातलं भाऊजींचं कोणतं, हे तिला कधी कळलं नाही, आणि गच्चीवर कोणी उभं असतं, हे त्यांना.

परवा गेलो तेव्हा दोघं त्याच गच्चीवर चहा पीत बसले होते. वरून एक विमान गेलं. भाऊजी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. ताईनं मान वर केली नाही.