थंडीत तापणारा सर्व्हर

आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं मी होतो. जेवताना माझा, फोनवर माझा, आणि बायकोच्या म्हणण्यानुसार झोपेत तर विचारूच नका. मग एका रविवारी कंपनीतून भंगारात निघालेला एक सर्व्हर मी उचलून आणला, मागच्या खोलीत आडवा ठेवला, बटण दाबलं आणि माझा पहिला नंबर गेला.

“काहो, वर्धा रोडवरचं विमानतळ कमी पडून राहिलं होतं का?” बायको स्वयंपाकघरातून ओरडली. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं.

मी नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कापड कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. सांभाळतो म्हणजे विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे एकमेकांना सांभाळून घेतो. तिथे माल बाहेर सोडायचा एक फार जुना प्रोग्रॅम आहे. त्याने पास छापला तरच ट्रक गेटबाहेर जातो. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीचाच परदेशी गेला आणि प्रोग्रॅम एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर अडकून राहिला. नव्या यंत्रावर तो चालायला तयार नाही, आणि जुनं यंत्र सकाळी सुरू होताना असं कण्हतं की आम्ही सगळे काम सोडून त्याच्याकडे बघत बसतो.

पुण्याच्या मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. या प्रोग्रॅमचं व्हर्च्युअल मशीन करायचं. “पुढच्या फेरीला मी येईन तेव्हा ते चालताना दाखवा,” ते म्हणाले. “नाही जमलं तर संकोच करू नका. हे काम आपण बाहेरच्या कंपनीला देऊ. तुमच्यासाठी कळमेश्वरच्या गोदामात जागा आहे. शांत जागा आहे, आवडेल तुम्हाला.”

शांत जागा कोणाला आवडत नाही? पण गोदामात दिवसभर गठ्ठे मोजायचे आणि संध्याकाळी ते तेवढेच आहेत म्हणून सही करायची, हे माझ्याच्यानं होणारं नव्हतं. मी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट शिकलो होतो, बिघडलेलं यंत्र समोर घेऊन ते चालेपर्यंत न उठणं. कळमेश्वरच्या गठ्ठ्यांमध्ये बिघडण्यासारखं काही नाही. घरी मात्र मी यातलं अवाक्षर काढलं नाही. “नवीन टेक्नॉलॉजी शिकतोय,” एवढंच सांगितलं आणि वर भुवई उडवली.

आईला हे व्हर्च्युअल प्रकरण समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, एका दणकट यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरनं तीन-चार यंत्रं उभी करायची. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र, सगळं आपलंच.

“म्हंजे एका सासूच्या घरात चार सुना?”

“हो, तसंच. फक्त त्यांना एकमेकी दिसत नाहीत.”

“मंग तं लय चांगलं हाये,” आई म्हणाली आणि माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं आईकडे पाहिलं. दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालेलं मी पाहिलं.

आता कोणी विचारेल, कंपनीचा लॅपटॉप असताना हे धूड घरी कशाला? त्याचं कारण तो लॅपटॉपच. तो ‘बिझनेस’ लॅपटॉप आहे. म्हणजे रंगानं काळा, वजनानं जात्याएवढा आणि मालकावर अजिबात विश्वास न ठेवणारा. त्यात व्हर्च्युअल मशीन चालवायचं तर आत एक सेटिंग चालू करावं लागतं, आणि त्या सेटिंगवर मुख्य कार्यालयाचं कुलूप. मी हात लावला की पडद्यावर सूचना यायची: आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा. आमच्या कारखान्यात प्रशासक मीच. मी माझ्याशी संपर्क साधला. सहानुभूती भरपूर मिळाली, पासवर्ड नाही.

मग मुख्य कार्यालयात तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, अनुभव कसा वाटला ते कळवा. खाली तारे होते. मी एक तारा दिला, तर लॅपटॉप तिथेच बंद पडून अपडेट घेऊ लागला. त्याची बॅटरीही तशीच. घरून भरून निघालं तरी बसच्या अर्ध्या वाटेवरच्या खापरीपुढे ती तग धरत नाही.

तर सर्व्हर. कारखान्यात दिवसभर सवड नाही, म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आलो की त्याच्यासमोर बसायचं. सुरुवात छान झाली. त्या प्रोग्रॅमची कपाटातली जुनी राखीव डिस्क मी घरी आणली होती; सर्व्हरवर तिची नक्कल करायला फार वेळ लागतो, म्हणून सकाळी ती लावून मी कंपनीच्या बसला निघायचो. आणि संध्याकाळी येऊन बघतो तर सर्व्हर बंद. सुरू करावा तर गुणी बाळासारखा सुरू. रात्रीच्या जेवणापर्यंत तक्रार नाही; मग घरच्यांच्या झोपेसाठी मीच बंद करायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून गेलो, पुन्हा बंद. नक्कल अर्धवट.

पहिला संशय विजेवर. सर्व्हरला वेगळी लाइन द्यावी म्हणून मी फ्रिजचा प्लग काढून त्याला दिला आणि फ्रिजचं विसरलो. त्या दिवशीच्या माझ्या जेवणाबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही, कारण मला ते मिळालंच नाही. दुसरा संशय मेमरीवर. पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा मुलीच्या खोडरबरनं घासल्या. आमच्या पिढीचा हा रामबाण उपाय. तिसरा संशय पंख्यांवर. दाढीच्या जुन्या ब्रशनं त्यांची धूळ काढली. संध्याकाळभर सर्व्हर मस्त चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी बंद.

शेवटी घरच्यांची उलटतपासणी घेतली. “खरं सांगा, दिवसा याला कोणी हात लावतं का?”

“मी तं त्या खोलीत झाडू बी जपून मारते,” आई म्हणाली. “त्याच्या बटनाले हात लावला असन तं सांग.”

“मी कॉलेजात असते,” मुलगी म्हणाली. “बाबा, तुम्ही घरी असले की चालतो, गेले की बंद पडतो. त्याला तुमची आठवण येते. घरात कोणाला तरी येते, चांगलंय न.”

मग मी सर्व्हरची आतली नोंद उघडली. यंत्रं आपली दुखणी स्वतः लिहून ठेवतात, हा त्यांचा माणसांपेक्षा चांगला गुण. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: तापमान मर्यादेबाहेर, यंत्र वाचवण्यासाठी बंद करत आहे. रोज दुपारी तेच.

डिसेंबर चालू होता. सकाळी आमच्या चौकातल्या चहावाल्यापाशी माणसं कानाला मफलर बांधून कप दोन्ही हातांत धरून उभी राहायची. मे महिन्यात नागपुरात काहीही तापू शकतं, रस्ता तापतो, नळ तापतो, शेजारी तापतात. पण डिसेंबरात? मी अनुभवाच्या जोरावर निष्कर्ष काढला की तापमान मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय. साहेबांनाही फोनवर ठणकावून सांगितलं, “सर, सेन्सर बिघडलाय. माझी पक्की खात्री आहे.”

आणि त्याच दिवशी जेवायला बसून आईला म्हणालो, “आई, यंदा दही काय लागतंय गं! एवढ्या थंडीत, असं घट्ट? सुरीनं कापावं असं.”

आई लाजली. “मनापासून लावलं का लागते, बाप्पा.”

मी दुसरी वाटी घेतली. माझ्या बुद्धीबद्दल याहून जास्त काही सांगायला नको.

मग एक दिवस लॅपटॉपचा चार्जर घरी विसरलो. बुटीबोरीत भर मीटिंगमध्ये लॅपटॉपनं मान टाकली. शहराकडे निघालेल्या कंपनीच्या जीपमध्ये बसून मी चार्जर आणायला भर दुपारी घरी आलो. दार उघडलं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. आमच्या घराचं दार, काकूंनी.

“अगोबाई, तुम्ही? आज लवकर?” त्या म्हणाल्या आणि पदर सावरत माझ्या बाजूनं अशा निसटल्या की मलाच माझ्या घरात चोर असल्यासारखं वाटलं.

मागच्या खोलीत गेलो. सर्व्हर गोधडीत गुंडाळलेला होता. चारही कडा खोचून, तान्ह्या पोराला थंडी लागू नये तसा. आतून दबलेली घरघर येत होती. गोधडी उचलली, तर गरम वाफ तोंडावर आली. सर्व्हरच्या पाठीवर आमचं दह्याचं पातेलं, त्याला चिकटून काकूंच्या इडलीच्या पिठाचा डबा, आणि पलीकडे समोरच्या घरातलं विरजणाचं बोळकं. एकाच यंत्रावर तीन घरं. प्रत्येकाला वाटतंय ऊब आपलीच, आणि कोणाचं कोणाशी भांडण नाही. मी इतके दिवस जे उभं करायला धडपडत होतो, ते आईनं गोधडीखाली उभं करून टाकलं होतं.

“आई! हे काय?”

“दही,” आई म्हणाली.

“सर्व्हरवर?”

“मंग कुठं? थंडीत दही लागते का? तू मशीन आणली, गरम राह्यते, बिल तं तसंबी येऊनच राहिलं. मंग खालची बी म्हणे माहं पीठ फुगत नाही, तं म्हटलं ठेव वं, जागा हाये.”

“अगं, मी रोज विचारत होतो कोणी हात लावला का!”

“हात कोणं लावला? पातेलं ठेवलं, तू घरी याच्या पह्यले काढून बी घेतलं.”

“आणि गोधडी?”

“ऊब जाऊ नाही म्हणून. तूच तं सांगतलं होतं, एका मशीनवर चार कामं कराची.”

आवाज ऐकून बायको आली. “मले वाटलं तुम्हाले माहीत आहे,” ती म्हणाली. “रोज तारीफ तर करून राहिले होते.”

मी तिथेच स्टुलावर बसलो आणि चिडण्याऐवजी माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. साहेबांची फेरी चार दिवसांवर आली आहे. हा प्रोग्रॅम चालला नाही तर मला कळमेश्वरच्या गोदामात पाठवतील. आईनं माझ्या हातातून गोधडी काढून घेतली.

“काहून नाही सांगतलं गा?”

“उगीच तुम्हाला काळजी.”

“आन् मी इथं दह्याची काळजी करून राहिली,” आई म्हणाली. तिनं पातेलं उचललं, मग काकूंचा डबा, मग बोळकं. गोधडीची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ती त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती, आणि समोरच्या वहिनी हातात बोळकं घेऊन परत चालल्या होत्या. “नाही वं बाई, चार दिवस नाही. त्याची परीक्षा हाये,” असं मी जिन्यात ऐकलं.

संध्याकाळी आलो तर सर्व्हर चालू होता. नक्कल पूर्ण झाली होती. आणखी एका संध्याकाळच्या खटपटीनंतर तो म्हातारा प्रोग्रॅम नव्या घरात उघडला. रंगसुद्धा तेच, निळ्यावर पिवळी अक्षरं. मी सगळ्यांना बोलावून दाखवला. मुलगी म्हणाली, “एवढंच?” हो, एवढंच.

लॅपटॉपवर तो चालणार नव्हताच. त्यामुळे साहेब यायच्या दिवशी मी अख्खा सर्व्हर कंपनीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. सहकाऱ्यांच्या थट्टेला ऊत आला. “काय भाऊ, रुखवत कोणाचं?” “अरे, तिकीट काढलं का त्याचं?” बुटीबोरी येईपर्यंत माझे पाय माझे राहिले नव्हते.

मीटिंगच्या खोलीत सर्व्हर सुरू केला तेव्हा साहेब दचकून खुर्चीत मागे सरले. पडद्यासाठी लॅपटॉप जोडला, तर त्याला नेमकं तेव्हाच अपडेट आठवलं: कृपया बंद करू नका. मी बंद केला नाही, फक्त काढून बाजूला ठेवला आणि पडदा सरळ सर्व्हरला जोडला. निळा पडदा आला. गेटवर पास काढणारे भाऊ पुढे झाले, त्यांनी पडद्याकडे न बघता सवयीनं चार बटणं दाबली, आणि शेजारच्या खोलीतला प्रिंटर खरखरला.

“निघाला न साहेब कागद,” भाऊ म्हणाले, आणि तो घेऊन गेटकडे चालू लागले. खिडकीतून ट्रक बाहेर पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. इतके दिवस डोक्यावर बसलेलं कळमेश्वर त्या ट्रकबरोबर गेटबाहेर गेलं.

“छान,” साहेब म्हणाले. “हा सर्व्हर इथेच राहू द्या. नवा मंजूर होईपर्यंत यावरच चालवू.”

नव्या सर्व्हरचा माझा प्रस्ताव पुण्यात कधीपासून पडून होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि तरीही, ज्या होकारासाठी मी इतका जीव टाकला होता तो समोर आल्यावर मी म्हणालो, “सर, घरी विचारावं लागेल.”

“कोणाला?”

“आईला.”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की कळमेश्वर पुन्हा जवळ आल्यासारखं वाटलं. पण मी फोन लावला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “साहेबाले दे.”

मी फोन दिला. पुढचं मला फक्त साहेबांच्या बाजूनं ऐकू आलं.

“नमस्कार काकू... हो, चाललं, उत्तम चाललं... नाही नाही, कळमेश्वरला कशाला? ते इथेच राहतील... हो काकू, माझा शब्द आहे... दही?” इथे साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “अच्छा... अच्छा... किती घरांचं?... थंडी संपायच्या आत? हो, नक्की परत पाठवतो... नाही काकू, आम्ही यावर काही ठेवणार नाही.”

त्यांनी फोन मला परत दिला आणि स्वतःच्या फोनवरून पुण्याला लावला. “तो नागपूरच्या सर्व्हरचा प्रस्ताव काढा. आजच मंजूर करा. हो, आजच... कारण?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. “कारण अत्यावश्यक म्हणून लिहा.”

गेटवर पुढचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. भाऊ पुन्हा आत आले आणि मी सर्व्हर तापू नये म्हणून त्याची पाठ भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि त्यांना दुसरा पास काढायला खुर्ची मोकळी करून दिली.