निघेल म्हणून सांगितलेला कॅलिपर

महादेवीच्या वडिलांना मी खोटं बोलून गप्प केलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होतो. महादेवी अकरा वर्षांची. पोलिओने उजवा पाय लुळा. ती कॅलिपर घालायची, म्हणजे बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या. त्या गुडघा धरून ठेवतात. व्यायामाच्या वर्गात तिच्यासारखी पोलिओची मुलं रडायची. म्हणून मी लेझमा आणल्या. तालावर अंगाचा भार या पायावरून त्या पायावर आपोआप जातो. तोल सुधारतो, कंबर मोकळी होते. मेलेला स्नायू मात्र जिवंत होत नाही.

सुपरिंटेंडेंट दारात येऊन म्हणाले, "हॉस्पिटल आहे की गणपतीचं मंडळ?"

"सर, तोल सुधारायला..."

"आवाज कमी करा."

लेझमीचा आवाज कमी कसा करायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यात महादेवीचे वडील, शिवप्पा. शुक्रवार पेठेत त्यांचं किराणा दुकान. दुकान टाकून यायचे आणि रोज तेच.

"पोरगी नाचवायला आनली न्हाय मी, सायेब. लोक हसत्यात की."

"मालक, हा व्यायामच आहे."

"मग ते लोखंड कदी निघनार?"

किती टाळायचं? एके दिवशी वैतागून म्हणालो, "नाचू द्या, निघेल वर्षभरात. आता जा."

ते गेले. तक्रार संपली. वर्ग सुरळीत चालला आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

पुढे आईच्या बाळंतपणासाठी महादेवी अक्कलकोटकडे आजोळी गेली. बऱ्याच महिन्यांनी परतली, ती कॅलिपरशिवाय. "सर, बघा की!" म्हणत तिने लेझीम उचलली. दर पावलाला तिचा गुडघा उलटा, मागच्या बाजूला वाकत होता. बूट लहान झाला होता. कॅलिपर निघणारच आहे, तर नवा कशाला, असं म्हणून शिवप्पांनी तो केलाच नव्हता.

माझं डोकं फिरलं. सगळ्या पालकांसमोर ओरडलो, "पोरीचा पाय तुम्ही घालवलात!"

"तुमीच म्हनला हुता की, निघंल म्हनून."

आरडाओरडा ऐकून सुपरिंटेंडेंट आत आले होते.

"मी असं कधीच म्हणालो नाही," मी म्हणालो.

महादेवी वडिलांकडे वळली. "अप्पा, सर तर न्हाय म्हनत्यात."

शिवप्पांनी मान खाली घातली.

तिला कमरेपर्यंतचा जड कॅलिपर लागला. लेझीम तिची कायमची सुटली. नातेवाइकांना वाटेला लावण्यासाठी आपण जे बोलतो, तेच ते सगळ्यात नीट लक्षात ठेवतात. एवढं मी त्या नोकरीत शिकलो.

शिवप्पा आता नाहीत. दुकान महादेवी चालवते. तिचे वडील खरं बोलत होते, हे मला तिला अजून सांगायचं आहे.