मुक्या पेशींची वसुधाताई

वसुधाताई कोणत्याही बरणीचे झाकण कधी खाली ठेवत नसत. लोणच्याची बरणी असो वा चहापत्तीचा डबा. झाकण उजव्या हाताच्या करंगळीत अडकवून, त्याची आतली बाजू जमिनीकडे वळवून, उरलेल्या बोटांनी त्या आपले काम उरकीत. तेवढ्या क्षणभरात श्वासही आवरून धरीत. आळीतल्या बायकांनी यावरून ताडले, की परदेशात शिकून आलेली ही प्राणिशास्त्राची प्राध्यापिका भलतीच सोवळ्याची आहे. "बाई गो, एवढं सोवळं माझ्या सासूनंही नाही पाळलंन्," शेजारीण म्हणाली. वसुधाताईंचे वडील आप्पा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. पण जीभ शाबूत. "शास्त्रज्ञ व्हायला धाडली, आणि परत आली ती आलवणातली आत्या होऊन!" असे ते आल्यागेल्याला सांगत आणि वाकड्या ओठांनी हसत.

खरे कारण मला पुढे कळले. मी त्याच महाविद्यालयात मराठी शिकवीत असे. वसुधाताईंनी परदेशातल्या प्रयोगशाळेत बाटल्यांमधून माणसाच्या रक्तपेशी वाढवल्या होत्या. एखादा जंतू झाकणावर बसला, तर महिनोन्‌महिन्यांचे काम नासे. त्या पेशींत एड्सचा विषाणू होता, आणि तरीही त्या निरोगी दिसत. आप्पांच्या आजारपणामुळे ते काम अर्ध्यावर टाकून त्या रत्नागिरीला परतल्या होत्या. अर्धे वाक्य ऐकून उरलेले ओळखील, असे एकही माणूस त्यांना इथे नव्हते.

संध्याकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावरल्या सुरूबनात जात असू. खाऱ्या वाऱ्याने ओठ चिकटत, पायांखाली सुरूच्या काड्या मऊ लागत, आणि वसुधाताई बोलू लागत.

"हा विषाणू पेशीत शिरतो, आपला मजकूर तिच्या लिपीत उतरवतो आणि तिच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. मग काही पेशींत नुसता गप्प राहतो. शरीराचे पहारेकरी जवळून जातात, त्यांना काही दिसत नाही."

"राखेखालच्या निखाऱ्यासारखा?" मी विचारले.

"छे! निखाऱ्यावर हात धरला तर ऊब लागते. इथे काहीच लागत नाही. तुम्हा कवितावाल्यांना घाई फार."

"मग तो बोलतो कधी?"

"पेशीला दुसऱ्या एखाद्या रोगाशी लढायला हाक आली की. तेव्हा तिच्यातली काही प्रथिनं लढायची जनुकं चालू करायला केंद्रकात धावतात. त्याच प्रथिनांना बसायला या विषाणूनं आपल्या मजकुराच्या तोंडाशी जागा राखलेली असते. पेशी उठते स्वतःच्या बचावाला, आणि यालाच बोलतं करते." त्या हसल्या. "आम्ही बाटलीत थेंब टाकून त्याला मुद्दाम जागं करायचो. झाला की टाळ्या वाजवायचो."

आप्पांची उस्तवार करायला लांज्याच्या वाटेवरल्या एका वाडीतून सुमन येत असे. तिचा नवरा दत्ताराम मुंबईला कामाला होता. सोबत्याच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला गेला, तेव्हा तपासणीत त्याला एड्सची लागण असल्याचे निघाले आणि तो घरी परतला. सुमनने हे सांगितले तेव्हा आळीला वाटले, एवढ्या सोवळ्याच्या बाई, आता सुमनला उंबरा चढू देणार नाहीत. वसुधाताई पुढच्याच रविवारी मला घेऊन तिच्याच घरी गेल्या.

दत्ताराम खळ्याच्या कडेला, सगळ्यांपासून अंतर राखून बसला होता. सुमनने चहा आणला. वसुधाताईंनी कप उचलला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"ताईनू, डाक्टरान सांगितलान, रोग हाय. मी तर काल दिसभर धोंडे रचून गडगा घातला. मग ह्यो बसलाय तरी कुठं?"

"तुझ्या रक्तातल्या पेशींत. त्यांच्या लिखाणात त्यानं स्वतःचं लिखाण घुसवलंय."

"म्हंजे सातबाऱ्यावर कूळ लागावा तसा? कसत नाय, दिसत नाय, पन नाव हाय?"

उपमा नाकारणाऱ्या वसुधाताई या वेळी लगेच म्हणाल्या, "तसंच. फक्त ते नाव काढील असा मामलेदार अजून कुणाला सापडलेला नाही."

त्याने औषधाचे विचारलेच नाही. "मी गेलो, तर वाडी खांद्याला येईल ना ओ?"

खोटे बोलण्याची वसुधाताईंना सवय नव्हती.

त्यानंतर त्या दर रविवारी वाडीवर जाऊ लागल्या. पाण्यातून येत नाही, ताटातून येत नाही, शिवल्याने येत नाही, असे विहिरीवर सांगत. बायका माना डोलवीत आणि सुमनची कळशी वेगळीच ठेवीत. पावसाळा सरता सरता दत्तारामला खोकला लागला, क्षय निघाला. "आता त्याच्या पेशी लढायला उठल्या असतील," स्टाफरूममध्ये वसुधाताई मला हळूच म्हणाल्या. "हेच मी बाटलीत बघत आलेय. आणि काल मी काय केलं? कपाळावर ओली पट्टी ठेवली." त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवून गेला.

भातकापणीच्या दिवसांत तो गेला. सुमनच्या भावाने तिरडी बांधली. वाडीतले पुरुष गडग्यापलीकडे उभे राहिले. वसुधाताई त्यांच्यापाशी गेल्या. "या विषाणूबरोबर मी वर्षं काढलीयत. खांदा देऊन तो येत नाही."

"बाई, तुमचा शिक्षान बरोबर असल," एकजण म्हणाला, "पन आमची पोरंबाळं हायत."

वसुधाताईंनी पदर खोचला, तिरडीपाशी आल्या आणि सुमनच्या भावाच्या जोडीने पुढच्या दांड्याला हात घातला. तेव्हा एक म्हातारा ओरडला, "अरे, बाईमानूस उचलताय, बघत काय ऱ्हायलात!" गडगा ओलांडून दोघे आले. दोघेच. बाकीची वाडी जागची हलली नाही. वसुधाताईंचा खांदा बदलायला शेवटपर्यंत कुणी पुढे झाले नाही.

हे मला सुमनने सांगितले. पुढे आप्पा वारले आणि वसुधाताई पुन्हा आपल्या बाटल्यांकडे, समुद्रापार निघून गेल्या. त्या दिवसाविषयी त्या स्वतः माझ्याशी एकदाच बोलल्या, तेही परतीच्या एसटीविषयी. गाडी गच्च भरलेली होती, वाडीतली माणसे दांडीला धरून उभी होती. पण वसुधाताईंच्या शेजारची जागा रत्नागिरी येईपर्यंत रिकामीच राहिली.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "वारा लागतो म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, खिडकी पूर्ण उघडता आली. वाटभर कापलेल्या भाताचा वास येत होता."