पहिली गादी

साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडा, घड्या घाला. साड्या परत फळीवर जातात, किस्से मात्र डोक्यात साचत राहतात. माझ्या निम्म्या किश्शांत विलासच आहे, आणि याचाही मला राग येतो!

मलकापुरातल्या आमच्या दुकानात चार गाद्या, एकेकीवर एकेक सेल्समन. दारासमोरची पहिली गादी विलासची. गिऱ्हाईक आधी त्याच्यापुढे बसणार, उरलंसुरलं आमच्याकडे. सीनियर मी! मालकांकडे ती गादी मागितली, तर म्हणाले, "रमेश, दारात हसरं तोंड लागते. तुयं तोंड पाहून गिऱ्हाईक काढलेली चप्पल परत घालते!"

* * *

एका जोडप्याचं साडीवर एकमत होईना. विलासनं ती स्वतःच नेसून दाखवली, पदर, निऱ्या, सगळं! नवरा बायकोला म्हणाला, "घेऊन टाक, पण तुले याच्याइतकी शोभणार नाही!" बाई हसत हसत तीन साड्या घेऊन गेली. मी खांद्यावर पदर टाकला की लोक म्हणतात, "दुसरी दाखवा."

* * *

एकदा रंग गेला म्हणून एका काकांनी साडीचा बोळा माझ्या तोंडावर फेकला, वर कानाखाली वाजवली. विलास धावत आला. "बसा काकाजी, चहा घ्या." काकाजी बसले, चहा प्यायले आणि शालू घेऊन गेले. मार माझ्या नावावर, बिल त्याच्या नावावर! मालक मला म्हणाले, "गिऱ्हाइकाचं मनावर घ्याचं नसते." पोलिसांत जायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

* * *

यंदाच्या लग्नसराईत, भर दुपारी, एक जण नेसून धुतलेली साडी बदलायला आला.

"काऊन नाही बदलत बे?"

"मालकाचा नियम आहे, दादा," विलास म्हणाला.

माणूस तणतणत गेला आणि थोड्या वेळानं परत आला. विलास नेहमीसारखा हसला. "या, बसा."

त्या माणसानं चाकू काढला. दारातून आत आल्यावर पहिली गादीच लागते. दवाखान्यात पोचायच्या आत विलास गेला.

* * *

दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा मालक खाली बघत म्हणाले, "रमेश, पहिल्या गादीवर तू बस." गादीवर कोरी चादर होती.

पहिलं गिऱ्हाईक मेहकरहून आलेल्या एक मावशी. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"विलासभाऊ कुठी गेले?"

"मी दाखवतो ना, मावशी."

"नाही बाप्पा. मोठ्या लेकीच्या लग्नाचं त्याइच्याच हातून घेतलं होतं."

खरं सांगतो, तेव्हाही मला हेवा वाटला. मग खरं काय ते सांगायचं सोडून मी एक साडी उलगडली आणि परत तिची घडी घातली.

मावशींनी चप्पल काढली आणि माझ्यासमोर नीट मांडी घालून बसल्या.

"थांबते मी," म्हणाल्या. "मले काही घाई नाही."