वगळलेला पगार आणि रॉथचं खातं

“म्हणजे हे पैसे आम्हाला भरताच येत नव्हते?” मकरंदने विचारलं.

“नव्हते,” मी म्हटलं.

तो खुर्चीत मागे टेकला. शेजारी बसलेली त्याची बायको उज्ज्वला माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मी चुकून दुसऱ्याच कुणाचे कागद काढलेत, असंच तिला वाटत असावं.

मी कुवेतच्या फहाहीलमध्ये राहते आणि अमेरिकन नागरिक झालेल्या इथल्या भारतीयांचे टॅक्स रिटर्न भरून देते. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही कमावत असला, तरी रिटर्न त्याला तिकडे भरावंच लागतं. हे जोडपं मूळ नाशिकचं, मग ह्यूस्टनला बरीच वर्षं, आता कुवेतमध्ये. मकरंद पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर. त्यांचे आधीचे टॅक्सवाले रिटायर झाले, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

परदेशातला पगार ठरावीक मर्यादेपर्यंत अमेरिकन टॅक्समधून वगळता येतो. मकरंदचा अख्खा पगार दरवर्षी वगळलेला होता. कुवेतमध्ये इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे दोन्हीकडे शून्य. पण रॉथ आयआरए नावाच्या तिकडच्या रिटायरमेंट खात्यात पैसे भरायचे, तर टॅक्सच्या हिशेबात धरलेला पगार लागतो. वगळलेला पगार इथे चालत नाही. तरीही पैसे भरले, तर ते ‘एक्सेस’, म्हणजे जादा. त्यावर सहा टक्के दंड, आणि तो एकदाच नाही. पैसे काढून घेईपर्यंत दरवर्षी.

मकरंद कुवेतला आल्यापासून पाच वर्षं दोघांच्या खात्यांत न चुकता पैसे भरत होता.

“खाती ज्या ब्रोकरकडे आहेत, त्याने कधीच अडवलं नाही,” तो म्हणाला.

“ब्रोकरला तुमचं रिटर्न दिसत नाही.”

“आणि आधीचे सर?”

“त्यांना तुम्ही सांगितलं होतं, रॉथ भरता म्हणून?”

“रॉथ रिटर्नमध्ये दाखवायचं नसतं, असं वाचलं होतं. म्हणून विषयच काढला नाही.” मग हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, फिंतासमधल्या आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये मी चौघांना हेच करायला सांगितलंय.”

उज्ज्वलाने त्याच्याकडे वळून पाहिलं. हे तिलाही नवीन होतं.

मी जुनी रिटर्न पुन्हा चाळायला घेतली. पगार वगळण्याचा फॉर्म नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा असतो. प्रत्येक रिटर्नला एकच जोडलेला होता, मकरंदचा.

“उज्ज्वला, तुम्ही नोकरी करता?”

“शाळेत गणित शिकवते. तीन वर्षं झाली. आता सोडतेय.”

“मीच म्हटलं सोड,” मकरंद म्हणाला. “इथल्या शाळा काय देतात, ठाऊक आहे ना तुम्हाला. त्यासाठी रोजची दगदग.”

“तिचा पगार कुणी वगळलेलाच नाही,” मी म्हटलं.

दोघांना कळेना. मी समजावून सांगितलं. तिचा पगार इतका बेताचा, की नेहमीच्या वजावटीतच टॅक्स शून्य होत होता. म्हणून आधीच्या सरांनी तो वगळायची तसदी घेतली नव्हती. त्यामुळे तो हिशेबात राहिला. आणि नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र असेल, तर एकाच्या पगारावर दोघांची खाती भरता येतात. तिचा पगार दोघांनी भरलेल्या रकमेपेक्षा थोडा जास्तच होता. म्हणजे गेल्या तीन वर्षांचे पैसे नियमात बसत होते.

“हिच्या पगारावर? माझंसुद्धा?” मकरंदने विचारलं.

“तुमचंसुद्धा.”

उज्ज्वलाला हसू आवरलं नाही.

ती शाळेत लागायच्या आधीची दोन वर्षं मात्र सुटली नाहीत. तेवढे पैसे दोघांच्या खात्यांतून काढायला लावले, एकेका वर्षाचा दंडाचा फॉर्म भरला आणि दंड भरून टाकला. मकरंदने चारही मित्रांना स्वतः फोन केले. त्यांतल्या तिघांच्या घरी एकच पगार येत होता, तोही वगळलेला, म्हणजे त्यांचे सगळेच पैसे जादा ठरले. एकाने नंतर त्याच्याशी बोलणं सोडलं. बाकीचे माझ्याकडे आले.

उज्ज्वलाने नोकरी सोडली नाही. “खात्यासाठी नाही हं,” तिने मला फोनवर बजावलं. “नववीचा वर्ग सोडवत नाही.”

टॅक्स शून्य आला की लोक खूश होतात आणि पुढे काही विचारत नाहीत. तो कशामुळे शून्य आला, एवढं तरी विचारावं.